पडद्यावर साक्षीदार असतो

१९४४ सालच्या ‘गॅसलाइट’ या चित्रपटातल्या ज्या दिव्यामुळे ‘गॅसलाइटिंग’ला, म्हणजे समोरच्याला स्वतःच्याच आठवणीवर आणि शुद्धीवर संशय घ्यायला लावण्याच्या प्रकाराला, नाव मिळाले, तो दिवा मंद करणे हाच नवऱ्याचा डाव होता, असे बहुतेकांच्या स्मरणात असते. प्रत्यक्षात तसे नाही. हा नवरा, ग्रेगरी, रोज रात्री कामाचे निमित्त सांगून घराबाहेर पडतो आणि मागच्या बाजूने, छतावरून, आपल्याच घराच्या बंद माळ्यावर परत येतो. त्याच्या बायकोला, पॉलाला, जिने लहानाची मोठी केली, त्या ॲलिस ॲल्क्विस्ट या गायिकेचा त्यानेच खून केलेला असतो आणि तिची न सापडलेली रत्ने तो त्या माळ्यावरच्या सामानात शोधत असतो. माळ्यावरचा दिवा लागला की नळीतला गॅस विभागला जातो आणि खाली पॉलाच्या खोलीतली ज्योत उतरते. हे त्याच्या हिशोबात नसते. पॉलाला वेडी ठरवण्यासाठी त्याने जे काही केले, त्यात दिवा कुठेच नाही. दिवा ही त्याची चूक आहे, आणि ती ज्योत मंद होताना पॉला जे पाहते ते शंभर टक्के खरे असते.

हा चित्रपट मी अनेकदा पाहिला आहे, आणि दर वेळी मला दिव्यापेक्षा त्याच्या खऱ्या डावांचेच नवल वाटत राहते, कारण ते अतिशय किरकोळ आहेत. लंडनचा टॉवर पाहायला जाण्याच्या दिवशी तो तिला एक ब्रोच देतो. तो आपल्या आईचा, तिच्याआधी आजीचा होता, असे सांगतो. मग तो ब्रोच तिच्या पर्समध्ये ठेवताना सहज बोलल्यासारखे म्हणतो की तुला वस्तू हरवायची सवय आहे ना, म्हणून जपून ठेवतो. पॉला चमकते. अशी काही सवय आपल्याला आहे हे तिला ठाऊकच नसते. त्याच दिवशी पर्स उघडते तेव्हा ब्रोच तिच्यात नसतो. इथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी दोष सांगितला जातो, तोही मायेने, आणि नंतर त्या दोषाला शोभेल अशी घटना घडवली जाते. ब्रोच आधी हरवला असता आणि दोष नंतर काढला असता, तर पॉला भांडली असती, निदान ‘मी तर नीट ठेवला होता’ असे म्हणाली असती. आता मात्र तिला स्वतःविषयी नुकतीच कळलेली गोष्ट खरी निघाल्यासारखी वाटते.

याहूनही क्रूर प्रसंग भिंतीवरच्या चित्राचा आहे. एक लहानसे चित्र जागेवर नाही, हे ग्रेगरीच्या लक्षात येते. तो पॉलावर एकदम आरोप करत नाही. तो घरातल्या दोन्ही नोकर बायकांना बोलावतो, त्यांना बायबलची शपथ घ्यायला लावतो आणि ‘पाहा, तुझ्यामुळे मला या बायकांना असे विचारावे लागते’ ही जाणीव पॉलाच्या गळ्यात अडकवतो. शेवटी ती जिन्याकडे जाते आणि तिथल्या पुतळ्याच्या मागून चित्र काढून आणते. म्हणजे ते कुठे आहे हे तुला माहीत होते तर, असे तो म्हणतो. ती सांगते की याआधी दोनदा ते तिथेच सापडले होते, म्हणून तिथे पाहिले. तर्काच्या दृष्टीने तिचे उत्तर बिनतोड आहे, पण त्या खोलीत ते कबुलीजबाबासारखे ऐकू येते. तिची आठवण शाबूत आहे, हाच तिच्याविरुद्धचा पुरावा होतो. इन्ग्रिड बर्गमन यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. त्यांचे सारे कसब मला या एका वाक्याच्या उच्चारात दिसते. वाक्य सुरू होते तेव्हा पॉला स्वतःच्या बाजूने बोलत असते आणि ते संपेपर्यंत तिची स्वतःचीच खात्री गेलेली असते.

असे चित्रपट पाहताना एक गोष्ट मला गेली काही वर्षे छळते आहे. आपण पॉलाच्या बाजूने सहज उभे राहतो, कारण आपल्याला सगळे दिसत असते, किंवा निदान आपल्याला दाखवणारा कुणीतरी असतो. कॅमेरा ग्रेगरीच्या डोळ्यांतली लकाकी टिपतो आणि पॉला पाठमोरी असताना त्याचा बदललेला चेहरा टिपतो. पडद्यावर नेहमी एक साक्षीदार हजर असतो. प्रत्यक्ष नात्यात नेमका तोच नसतो. तिथे दोन माणसे असतात, एका गोष्टीच्या दोन हकिकती असतात, आणि दोघांपैकी ज्याचा आवाज अधिक शांत असतो त्याची हकिकत खरी मानली जाते. म्हणून मला वाटते की गॅसलाइटिंग हा चित्रपटांचा अतिशय आवडता आणि तरीही चित्रपटाला सर्वांत कमी साधणारा विषय आहे. जो अनुभव ‘कुणीच पाहिले नाही’ या वेदनेवर उभा असतो, तो दाखवायचे साधनच मुळी पाहण्याचे आहे.

या गोष्टीचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. पॅट्रिक हॅमिल्टन यांचे नाटक लंडनच्या रंगभूमीवर १९३८ साली आले. त्यावरून थोरोल्ड डिकिन्सन यांनी १९४० साली इंग्लंडमध्ये चित्रपट केला, आणि चार वर्षांनी जॉर्ज क्यूकर यांचा हॉलिवूडचा चित्रपट आला. हॉलिवूडच्या स्टुडिओने हक्क घेतल्यावर आधीच्या चित्रपटाच्या प्रती नष्ट व्हाव्यात असा प्रयत्न केला होता. काही प्रती वाचल्या म्हणून तो चित्रपट आज पाहता येतो. ‘तू म्हणतेस तसे काही घडलेच नव्हते’ असे बायकोला पटवू पाहणाऱ्या माणसाच्या गोष्टीवरच अशी पाळी यावी, हा योगायोग एखाद्या लेखकाने कल्पिला असता तर आपण त्याला भडक म्हटले असते.

साक्षीदार हजर आहे म्हणून तो प्रामाणिक असेलच असे नाही. ‘गॅसलाइट’च्या तीनच वर्षे आधी, १९४१ साली, आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘सस्पिशन’ आला. त्यातल्या लीनाला आपला नवरा जॉनी आपल्याला विष देणार असा संशय येतो. संशयाला आधार भरपूर आहे. जॉनी जुगार खेळतो, नोकरीच्या ठिकाणी अफरातफर करतो, आणि लीनाच्या वडिलांनी भेट दिलेल्या खुर्च्या परस्पर विकून त्याविषयी निर्ढावलेपणाने खोटे बोलतो. एका रात्री तो दुधाचा पेला घेऊन अंधाऱ्या जिन्याने वर येतो. तो पेला उजळून दिसावा म्हणून हिचकॉक यांनी त्यात चक्क दिवा ठेवला होता. आपली नजर त्या पांढऱ्या पेल्यावरून हटत नाही, आणि संशय लीनाला जितका येतो त्याहून अधिक आपल्याला येतो. मग शेवट येतो. जॉनी खुनी नाही, लीनाने भलतीच कल्पना करून घेतली होती, असे मोटारीतल्या काही मिनिटांच्या संभाषणात उरकले जाते. इतकेच नाही, तर लीना त्याची क्षमा मागितल्यासारखे बोलते, दोष आपलाही आहे म्हणते, आणि दोघे घरी परत निघतात.

ज्या कादंबरीवरून हा चित्रपट घेतला, तिच्यात नवरा खरोखरच खुनी आहे. कॅरी ग्रँट यांच्यासारख्या लाडक्या नायकाला खुनी दाखवणे स्टुडिओला मानवणारे नव्हते, असे हिचकॉक यांनी पुढे सांगितले. कारण काहीही असो, परिणाम विलक्षण आहे. चित्रपटाने स्वतःच पेल्यात दिवा ठेवला, आपल्याला तो टक लावून पाहायला लावला, आणि शेवटी ‘कुठे काय, तुम्हालाच तसे वाटले’ असे म्हणून हात झटकले. पॉलाशी ग्रेगरी जसा वागतो, तसा हा चित्रपट लीनाशी आणि तिच्याबरोबर आपल्याशी वागतो. गंमत अशी की जोन फाँटेन यांनाही याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. म्हणजे तीन वर्षांच्या अंतराने दोन अभिनेत्रींचा गौरव झाला, एकीचा आपला संशय खरा होता हे सिद्ध झालेल्या बाईच्या भूमिकेसाठी आणि दुसरीचा आपला संशय खोटा होता हे मान्य करणाऱ्या बाईच्या भूमिकेसाठी. नियंत्रणाचा अभ्यास करायचा असेल तर मी ‘गॅसलाइट’च्या जोडीला ‘सस्पिशन’ मुद्दाम पाहायला सांगेन. त्याच्या विषयासाठी नव्हे, वर्तनासाठी.

आतून हा अनुभव कसा असेल, याच्या बरेच जवळ गेलेला एक अलीकडचा चित्रपट म्हणजे २०१६ सालचा ‘द गर्ल ऑन द ट्रेन’. चित्रपट म्हणून तो काही थोर नाही. त्याचा उत्तरार्ध ढिला आहे आणि योगायोगांची त्यात खैरात आहे. पण त्याने एक धाडस केले आहे. त्याची नायिका रेचल दारूच्या आहारी गेलेली आहे आणि पिऊन बेशुद्ध झाल्यावर काय घडले ते तिला आठवत नाही. घटस्फोटित नवऱ्याने त्या रिकाम्या जागा भरून दिलेल्या असतात. साहेबांच्या घरच्या मेजवानीत तू इतका तमाशा केलास की माझी नोकरी गेली, हे त्याने तिला सांगितलेले असते आणि तिने ते आठवणीसारखे जपलेले असते. आपणही ते दृश्य पाहतो. ते दृश्य खोटे आहे हे आपल्याला, तिच्याबरोबरच, फार उशिरा कळते. आगगाडीत त्या साहेबांची बायको अचानक भेटते, रेचल शरमेने माफी मागू लागते, आणि ती बाई गोंधळून सांगते की तसे काही घडलेच नव्हते. नोकरी गेली ती त्याच्या स्वतःच्या भानगडींमुळे. त्या क्षणी रेचलचा चेहरा उजळत नाही. तिच्या पायाखालची जमीन सरकते. इतकी वर्षे आपण ज्या अपराधाबद्दल झुरलो तो अपराध नव्हताच, ही सुटका असायला हवी, पण त्याआधी मनात येते की मग आपल्या डोक्यात आणखी काय काय त्याने ठेवलेले असेल.

या प्रसंगाने मला माझ्या ओळखीच्या एका बाईंची आठवण झाली. त्यांनी संसाराच्या मधल्या काळात एक वही ठेवली होती. भांडण झाले की त्याच रात्री, कोण काय म्हणाले ते, शक्यतो त्याच शब्दांत, त्या लिहून काढत. वही कुणाला दाखवायची नव्हती, कोर्टात न्यायची नव्हती. दुसऱ्या दिवशी ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ हे ऐकल्यावर स्वतःपुरते ताळा करता यावा, एवढाच हेतू होता. त्यांनी मला सांगितलेली विचित्र गोष्ट अशी की काही महिन्यांनी त्यांना त्या वहीवरच विश्वास वाटेना. अक्षर आपले आहे, तारीख आपल्या हाताने घातली आहे, पण लिहिताना आपण रागात होतो, तेव्हा आपण वाढवून लिहिले असणार, असे त्यांना वाटू लागले. नवऱ्याला वहीचा पत्ताही नव्हता, तरी वही हरली होती. मला वाटते, हे दाखवणे कॅमेऱ्याला अवघड आहे. वही दाखवता येईल, तिच्यातली ओळ मोठी करून दाखवता येईल, पण आपल्याच अक्षराकडे परक्यासारखे पाहणारी नजर दाखवायची तर प्रेक्षकालाही ती ओळ खोटी वाटावी लागेल.

आता रत्नांकडे येतो. ग्रेगरीला रत्ने हवी आहेत, आणि त्यामुळे प्रेक्षकाला मोठा दिलासा मिळतो. हा माणूस असा का वागतो या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते उत्तर माळ्यावर ठेवलेले आहे. पण ज्या घरात माळा नाही, रत्ने नाहीत, खून नाही, तिथेही ब्रोच हरवतात. तिथे कुणी काही शोधत नसते. समोरच्याने आपल्यावाचून एक पाऊलही टाकू नये, त्याला स्वतःविषयी जे वाटते ते आपल्या तोंडून ऐकूनच वाटावे, एवढेच हवे असते, आणि हे हवे आहे हे त्या माणसाला स्वतःला तरी धडपणे ठाऊक असते की नाही याची मला शंका आहे. खलनायकाला कारण दिले की चित्रपट रहस्यपट होतो आणि प्रेक्षक सुटतो. आपल्या घरात रत्ने नाहीत, म्हणजे आपल्या घरात हे नाही.

कारणाशिवायचे नियंत्रण दाखवणारा चित्रपट आठवायचा तर मला श्याम बेनेगल यांचा १९७७ सालचा ‘भूमिका’ आठवतो. अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेल्या या चित्रपटात स्मिता पाटील यांनी साकारलेल्या उषाला दोन प्रकारचे पुरुष भेटतात. एक तिचा नवरा केशव. तो तिच्या कमाईवर जगतो आणि तिच्यावरच संशय घेतो. तिने काम करावे ही त्याचीच गरज, आणि त्या कामाचा राग राग करण्याचा हक्कही त्याचाच. अमोल पालेकर यांनी हा माणूस इतका हळवा आणि इतका चिकट केला आहे की त्याचा तिरस्कार करतानाही अवघडल्यासारखे होते. केशवचा हेतू तरी कळतो. दुसरा पुरुष म्हणजे काळे. तो खानदानी, शांत आणि मर्यादशील आहे, आणि उषाला तो मानाने आपल्या वाड्यात नेतो. तिथे तिला स्वस्थता मिळते. घर मिळते, मूल मिळते, कुणी आवाज चढवत नाही. मग एक दिवस ती मुलाला घेऊन बाहेर जायला निघते आणि तिला कळते की या घरातल्या बायका उंबरठा ओलांडत नाहीत.

या प्रसंगात अमरीश पुरी यांचा काळे चिडत नाही. एखादा जुना नियम नव्या माणसाला समजावून सांगावा तसा तो सांगतो. तुझ्यावर अन्याय होतो आहे असे तो मानत नाही, आणि तू जे मागते आहेस त्याला स्वातंत्र्य म्हणतात हेही त्याच्या गावी नाही. उषाची जी अवस्था होते तिच्यात गॅसलाइटिंगची सगळी लक्षणे आहेत, फक्त कुणी कुठली वस्तू लपवलेली नाही. इतके दिवस ज्याला आपण आसरा समजत होतो तोच पिंजरा होता, की आताच आपण उगाच हट्ट करतो आहोत, हे तिला क्षणभर ठरवता येत नाही. अंथरुणाला खिळलेली काळेची बायको तिला जे सांगते त्याचा आशय असा की घर बदलते, अंथरूण बदलते, पुरुषाचा मुखवटा बदलतो, पुरुष बदलत नाही. ती बाई त्या वाड्यातली एकमेव साक्षीदार आहे आणि तिच्या साक्षीचा कुणालाच उपयोग नाही. उषाला तिथून सोडवायला शेवटी कोण येते, तर केशव. एका ताब्यातून सुटण्यासाठी तिला दुसऱ्या ताब्याला हाक मारावी लागते. गॅसलाइटिंगवरच्या चर्चेत या चित्रपटाचे नाव फारसे निघत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

चित्रपटाची आणखी एक अडचण वेळेची आहे. नियंत्रण घटनांनी बनत नाही, ते पुनरावृत्तीने बनते. रोज संध्याकाळी ‘कुठे आहेस’ असा फोन येणे ही काही घटना नव्हे. मैत्रिणीकडे गेल्यावर घरी अबोला धरला जाणे, पगाराचा हिशोब द्यावा लागणे, हसून केलेला अपमान आणि त्यावर ‘तुला विनोदच कळत नाही’ हे ठरलेले वाक्य, यांतले काहीही दोन मिनिटांच्या दृश्यात दाखवले तर क्षुल्लक वाटते. म्हणून चित्रपट थोबाडीत शोधतो, सुरी शोधतो. २०२० सालच्या ‘थप्पड’ने ही अडचण हुशारीने वापरली. एका मेजवानीत नवरा सर्वांसमोर बायकोला मारतो, आणि त्या एका घटनेच्या उजेडात तिला आधीच्या सगळ्या न-घटना दिसू लागतात. ‘एकच तर थप्पड’ असे तिला जो तो सांगतो, आणि त्यांचे बरोबरच असते. थप्पड एकच होती, बाकीचे मोजले गेले नव्हते.

कायद्यालाही बराच काळ हीच अडचण होती, कारण कायदाही जखमेची तारीख विचारतो. इव्हान स्टार्क या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात असे मांडले की अशा नात्यात खरा गुन्हा सुट्या सुट्या मारहाणींचा नसून माणसाचे स्वातंत्र्य हळूहळू हिरावून घेण्याचा असतो. २०१५ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये जवळच्या नात्यातले असे सततचे दडपणुकीचे वर्तन हा स्वतंत्र गुन्हा झाला, आणि त्याला ५ वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली गेली. भारतातल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानेही शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाला हिंसाचारच म्हटले आहे. पण सततपणा सिद्ध करायचा म्हणजे पुन्हा वही आलीच.

या साऱ्याच्या उलट्या बाजूला प्रेमपट उभा आहे, आणि त्याच्याविषयी मी फार बोलणार नाही, कारण त्याविषयी बोलून झाले आहे. २०१९ सालच्या ‘कबीर सिंग’मध्ये नायक वर्गात येऊन ‘ही माझी’ असे जाहीर करतो, तेव्हा त्या मुलीला कुणी विचारलेले नसते. मला त्या नायकापेक्षा पार्श्वसंगीताचा राग येतो. तेच वागणे, तेच शब्द, तोच दरवाजा अडवून उभा असलेला माणूस. खाली घोगरा सूर लावला की आपण ग्रेगरी ओळखतो आणि सतार छेडली की आपल्याला प्रेमवीर दिसतो. ‘सस्पिशन’ने शेवटच्या पाच मिनिटांत जे केले, ते इथे पहिल्या रिळापासून चालू असते. आणि ज्या मुलीला हेच संगीत ऐकत मोठे व्हावे लागले, तिने स्वतःच्या नात्यातला खाली लावलेला सूर कसा ओळखावा?

नियंत्रण करणारा पुरुषच असतो असे नाही, हे इथे सांगून टाकतो. बायकांनी नवऱ्यांना, आईवडिलांनी मुलांना, वरिष्ठांनी हाताखालच्यांना हेच केलेले असते. ‘गॉन गर्ल’मध्ये २०१४ साली डेव्हिड फिंचर यांनी बायकोच्या बनावट रोजनिशीतल्या घटना खऱ्यासारख्या चित्रित करून प्रेक्षकाला पुरते फसवले. चित्रपट म्हणून तो मला फार आवडतो. पण ज्यांना ‘बायका असेच खोटे रचतात’ असे म्हणायचेच होते, त्यांना त्याने आयते उदाहरण दिले, हेही खरे आहे.

चित्रपटांनी एक गोष्ट मात्र फार चांगली दाखवली आहे, आणि ती म्हणजे तिसरा माणूस. ‘रोझमेरीज बेबी’मध्ये, १९६८ साली, गरोदर रोझमेरी, सगळे आपल्याविरुद्ध कटात आहेत हे ओळखून, नवऱ्यापासून, शेजाऱ्यांपासून आणि आपल्या प्रसूतितज्ज्ञापासून पळून एका दुसऱ्या तरुण डॉक्टरकडे येते. तो तिचे सगळे म्हणणे शांतपणे ऐकून घेतो, तिला पडून राहायला सांगतो, आणि थोड्या वेळाने दारात तिचा नवरा आणि तो प्रसूतितज्ज्ञ उभे असतात. तरुण डॉक्टर कटात नाही. तो फक्त एक समंजस माणूस आहे, आणि घाबरलेल्या बाईपेक्षा प्रतिष्ठित व्यावसायिकावर विश्वास ठेवणे त्याला स्वाभाविक वाटते. सैतान, चेटूक वगैरे सगळे वगळले तरी हा प्रसंग तसाच्या तसा उभा राहतो.

ली व्हॅनेल यांच्या २०२० सालच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’मध्ये याच्या उलट युक्ती आहे. तिथे छळ आपल्याला दाखवलेलाच नाही. चित्रपट सुरू होतो तो छळणाऱ्या जोडीदाराच्या घरातून सिसीलियाने केलेल्या पलायनाने, आणि पुढे कॅमेरा पुन्हा पुन्हा खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे वळून थांबतो. तिथे काही दिसत नाही. तरीही आपण तिच्यावर विश्वास ठेवतो, कारण कॅमेरा तिच्याबरोबर घाबरलेला असतो. ‘मी काही पाहिले नाही, पण तू म्हणतेस तर असणार’ असे म्हणणारा कॅमेरा मला इतरत्र क्वचित भेटला आहे.

‘गॅसलाइट’मधला तिसरा माणूस म्हणजे एलिझाबेथ ही ऐकू कमी येणारी, भली, वयस्क नोकरबाई. दुसऱ्या नोकराणीच्या, नॅन्सीच्या, तुच्छतेबद्दल बरेच लिहिले गेले आहे आणि अँजेला लॅन्सबरी यांची ती पहिलीच भूमिका असल्याने ते योग्यच आहे. पण मला अस्वस्थ करते ती एलिझाबेथ. स्कॉटलंड यार्डचा ब्रायन कॅमरन घरी येऊन गेला आहे, पॉलाच्या खोलीतली ज्योत उतरताना त्यानेही पाहिली आहे, आणि दुसऱ्या कुणाला ते दिसल्यामुळे तिच्यात जीव आला आहे. तेवढ्यात ग्रेगरी परततो. एक माणूस इथे आला होता, असे पॉला सांगते. ग्रेगरी एलिझाबेथला बोलावून विचारतो. बाईसाहेबांवर संकट येऊ नये म्हणून एलिझाबेथ ठामपणे सांगते की कुणीच आले नव्हते. पॉला कोसळते. म्हणजे मला स्वप्नच पडले, असे म्हणते. ग्रेगरीने महिनोन्‌महिने जे साधले नव्हते ते एका प्रेमळ बाईच्या एका प्रेमळ असत्याने साधते. ‘जाऊ दे, विषय वाढवू नकोस’, ‘त्याचा तसा हेतू नसेल’ असे म्हणणारे आप्त मला एलिझाबेथच्या जवळचे वाटतात. त्यांचे काळीज चांगले असते, त्यांना घर वाचवायचे असते, आणि जिचे घर आहे तिची स्वतःच्या डोळ्यांवरची भिस्त ते काढून घेतात.

त्यानंतर कॅमरन पुन्हा आत येतो, ग्रेगरी पकडला जातो, खुर्चीला बांधला जातो, आणि पॉला त्याच्याशी एकटीच बोलायला मागते. हा प्रसंग पाहून प्रेक्षागृहात टाळ्या पडत असणार यात मला शंका नाही. पोलिसांनी सोडवलेल्या बाईला चित्रपटाने दिलेली ही बक्षिसी आहे, असे म्हणून मी पूर्वी तो बाजूला सारत असे, कारण त्यात ती त्याच्याच भाषेत जिंकते. तो तिला सुरी आणून दोर कापायला सांगतो. सुरी तिच्या हातात असते. ती म्हणते की इथे सुरी कुठे आहे, ही का सुरी, मला तर सापडत नाही, माझ्याकडून वस्तू हरवतात, मी वेडी आहे, वेडी बाई नवऱ्याला कशी मदत करणार. या दृश्यात ती त्याला जे जे सांगते ते सगळे खोटे आहे, आणि आपण खोटे बोलत आहोत हे, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, तिला स्वतःला पक्के ठाऊक आहे.